आगाऊ कराचे चुकलेले हप्ते
ताई, दांडिया बाजारातील दुकानाच्या भाड्यावरील आगाऊ कराचे, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या प्राप्तिकराचे, जून व सप्टेंबरचे हप्ते राहून गेल्याने आता सगळी रक्कम मार्चमध्येच एकदम भरण्याचा जो विचार आपण मांडला आहे, तो कृपया सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्षाचा कर ८०,००० रुपये धरला, तर त्या दोन हप्त्यांचे ३६० आणि १,०८० रुपये व्याज लागणारच, पण १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर टक्के, म्हणजे ६०,००० रुपये भरल्यास आणखी १,८०० रुपये नक्की वाचतात. चलनावर ‘अ‍ॅडव्हान्स टॅक्स (१००)’ हाच प्रकार निवडावा. घाईत ‘सेल्फ असेसमेंट’, म्हणजे वर्ष संपल्यावर भरायच्या उरलेल्या कराचा प्रकार निवडला, तर पुढे निस्तरत बसावे लागते. उरलेली रक्कम १५ मार्चला भरावी आणि ३१ मार्च तर मुळीच ओलांडू नये, कारण नव्वद टक्के भरणा झाला नसेल, तर एप्रिलपासून दरमहा एक टक्का वेगळे व्याज सुरू होते.