वासू सर आणि ७८५ धावा

२९ प्रथम श्रेणी सामने, ७८५ धावा. एवढ्यावर क्रिकेट प्रशिक्षक वासू परांजप्यांचं इतकं कौतुक कशाला, असं विचारलंत. अहो, धावफलकात ते सापडायचेच नाहीत! मुंबईच्या दादर युनियन क्लबमध्ये गावसकरांना 'सनी' म्हणायला लागले ते हेच. सचिनने सांगितलेला किस्सा ऐका. इंदूरला पंधरा वर्षांखालच्या मुलांचं शिबिर. पोरं रात्री टेनिस बॉलने खेळत होती. राखणदार तक्रार घेऊन आला. सर म्हणाले, मुलं आहेत, खेळणारच, तूही जा आणि फिल्डिंग कर! दुसरा एखादा असता तर पोरांनाच झापलं असतं. घरातही क्रिकेटच: मुलगा जतीन भारताकडून खेळला. ३० ऑगस्ट २०२१ ला सर गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत द्रविडपासून रोहितपर्यंतच्या पिढ्या होत्या.