दुखत नसलेल्या दाताच्या मुळाशी सिस्ट: उपचार आत्ताच घ्यावेत का?

प्रश्न:
काही वर्षांपूर्वी पडल्यामुळे माझ्या वरच्या समोरच्या दाताला मार लागला होता. तो दोन दिवस दुखला आणि थांबला. पुढे हळूहळू करडा पडत गेला, एवढेच. गेल्या आठवड्यात शेजारच्या दाताच्या किडीसाठी एक्स-रे काढला, तेव्हा या करड्या दाताच्या मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी गोल काळी सावली आणि तिच्याभोवती बारीक पांढरी कड दिसली. दंतवैद्यांनी ही सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवीसारखी गाठ, असावी असे सांगून रूट कॅनाल सुचवले आहे. मला काडीचाही त्रास नाही. अशा वेळी थांबून पाहिले तर चालेल का, आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ही गाठ विरघळू शकते का?

उत्तर १ (दंतवैद्य):
आपल्या दाताची नस बहुधा त्या मारानेच मेली असावी. करडा रंग ही त्याचीच खूण असते. मेलेल्या नसेत जंतूंची वाढ झाली की त्यांचे विषारी पदार्थ मुळाच्या टोकातून बाहेर झिरपतात. दाताचे मूळ तयार होताना मागे राहिलेल्या काही पेशी आयुष्यभर तिथे निपचित पडून असतात, त्या या दाहामुळे वाढू लागतात. त्यांच्या गोळ्याच्या मधल्या भागाला पोषण न मिळाल्याने तो मरतो, पोकळी होते, तिच्यात पाणी ओढले जाते आणि पिशवी फुगत जाऊन भोवतालचे हाड झिजते. हे सारे इतके संथ चालते की जंतुसंसर्ग होऊन पू होईपर्यंत रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणूनच दुखत नाही, हे थांबण्याचे कारण मी मानत नाही.

गोळ्यांविषयी स्पष्टच सांगतो. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसतो, त्यामुळे औषध जंतूंच्या मूळ ठिकाणी पोहोचत नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा अँटिबायोटिकची गरज पडते, पण त्याने सिस्ट जात नाही. प्रथम दाताला थंड लावून पाहण्याची चाचणी करून नस खरोखरच मेली आहे का हे तपासून घ्यावे, कारण जिवंत दाताच्या मुळाशी अशी सावली दिसली तर कारण वेगळे असू शकते आणि रूट कॅनाल निरर्थक ठरते. नस मेलेली असल्यास रूट कॅनाल हाच पहिला उपचार होय. लहान गाठी पुष्कळदा तेवढ्यानेच भरून येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, की ही सिस्ट आहे की नुसता दाहाचा गोळा, हे एक्स-रेवरून खात्रीने सांगता येत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते.

उत्तर २:
माझी सिस्ट खालच्या जबड्यात, हाडात अडकलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवती होती. तिचा मरणाऱ्या नसेशी संबंध नव्हता. न उगवलेल्या दाताभोवतीच्या आवरणात पाणी साठून ती झाली होती. ती खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला टेकलेली असल्याने शल्यचिकित्सकांनी थेट काढून न टाकता आधी तिला तोंडात उघडणारी लहान खिडकी ठेवली. पुढचे कित्येक महिने मी रोज सुई नसलेल्या सिरिंजने कोमट मिठाचे पाणी सोडून ती पोकळी धूत असे. सुरुवातीला सिरिंजमधले बरेच पाणी आत मावत असे, पुढे थोडेच मावू लागले. हाड भरत असल्याचे ते मला दिसणारे पहिले लक्षण होते. मग लहान राहिलेली पिशवी दाढेसह काढली आणि बायॉप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवली. बायॉप्सी कधीही टाळू नये, कारण केराटोसिस्टसारखी पुन्हा उद्भवणारी गाठ किंवा अमेलोब्लास्टोमा हा ट्यूमर एक्स-रेत अगदी अशाच दिसू शकतात.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दात काढूनच टाकला तर प्रश्न मुळापासून सुटेल का? आणि माझ्या लहान मुलीच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

उत्तर १ (दंतवैद्य):
वाचवता येणारा दात काढू नये. शिवाय दात काढला आणि पिशवी आत राहिली, तर ती दाताविनाही वाढू शकते. मुलीच्या दाताला कीड लागल्यास ती दाताच्या आतल्या नसेला पोहोचण्याआधी भरून घ्यावी, दाताला मार लागल्यास तो दुखायचा थांबला तरी काही महिने तपासत राहावे आणि एखादा कायमचा दात वेळ उलटूनही आला नाही तर एक्स-रे काढावा. दात येण्याच्या जागी हिरडीवर निळसर मऊ फुगा दिसला तर घाबरू नये; बहुतेक वेळा दात वर येताना तो आपोआप फुटतो.

आपला आत्ताचा एक्स-रे जपून ठेवावा. रूट कॅनालनंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे काढून त्याच्याशी ताडून पाहावा लागेल, आणि सावली आकसत नसेल किंवा वाढत असेल तर मुळाचे टोक कापून पिशवी काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. दरम्यान चेहऱ्यावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.