मदत हवी आहे: धडपडणाऱ्या तरुण फलंदाजाला खाली कधी पाठवावं?

मेजर लीग बेसबॉल नियमित बघणाऱ्यांना विचारतोय. २०-२१ वर्षांचा गुणी फलंदाज वर आला, पहिल्या महिन्यात वेगवान चेंडू मारले, मग पिचर्सनी त्याला ब्रेकिंग बॉलवर (वाटेत वळणाऱ्या चेंडूवर) अडकवायला सुरुवात केली. आता त्याला २६ जणांच्या संघात ठेवून आठवड्यातून दोनदा खेळवायचं, की ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर) रोज चार वेळा बॅटिंग द्यायची? मला दुसरं पटतं. बाकावर बसून नजर तयार होत नाही. पुढे स्टार फलंदाज झालेल्या माइक ट्राउटनेही २०११ मध्ये ४० सामन्यांत .२२० चीच सरासरी काढली होती. २०१२ चा हंगाम त्याने ट्रिपल-ए मध्ये सुरू केला आणि त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) झाला.

पण ऑप्शनची वर्षं, म्हणजे खेळाडूला सहज खाली पाठवता येतं ती वर्षं, साधारण तीनच मिळतात, आणि सर्व्हिस टाइमचा हिशेबही मध्ये येतो: मेजर लीगमधले १७२ दिवस भरले की कराराच्या दृष्टीने एक पूर्ण वर्ष धरलं जातं. (खेळाडूच्या प्रगतीपेक्षा तो हिशेब वरचढ ठरतो तेव्हा फार वाईट वाटतं.)

खाली पाठवण्याचा निर्णय खेळाच्या कारणाने झालाय की कराराच्या, हे कशावरून ओळखता? सरासरी सोडून कोणते आकडे बघता? स्ट्राइक झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या) चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण पुरेसं आहे का? आणि आत्मविश्वास ढळू नये म्हणून मॅनेजरने त्याला हे सांगावं कसं?