मदत हवी आहे: घरच्या डेबियन सर्व्हरचा बॅकअप आहे, पण तो नव्या डिस्कवर उभा राहत नाही

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या आमच्या घरी २०२१ पासून एक छोटा सर्व्हर चालू आहे. यंत्र म्हणजे एका कार्यालयाने मोडीत काढलेला डेस्कटॉप. त्यात डेबियन १२ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी २४० जीबीची एसएसडी आणि फोटो व कागदपत्रांसाठी २ टीबीची हार्ड डिस्क बसवली आहे. डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) नेक्स्टक्लाउड (फाइली साठवणारे घरचे क्लाउड) आणि त्याचा पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस चालतो. घरातल्या पाच जणांच्या फोनमधले फोटो तेथे आपोआप जमा होतात, आणि वडिलांनी चिकाटीने स्कॅन करून ठेवलेले सातबाऱ्याचे उतारे, फेरफार व खरेदीखतेही तेथेच आहेत. एकूण पसारा सुमारे ६४० जीबी आहे.

बॅकअप नाही असे नाही. रोज रात्री अडीच वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) एक स्क्रिप्ट चालते आणि आरसिंक या फाइलींची प्रत घेणाऱ्या आज्ञेने एसएसडीवरची संपूर्ण यंत्रणा यूएसबीने जोडलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर उतरवते. फोटोंची हार्ड डिस्क दर रविवारी दुसरी स्क्रिप्ट उतरवते. मालकी, परवानग्या, हार्ड लिंक (एकाच फाइलीची अनेक नावे) आणि एसीएल (तपशीलवार परवानग्या) टिकवणारे पर्याय मी आरसिंकला दिलेले आहेत, तसेच प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टीएमपी, एमएनटी आणि एसआरव्ही या डिरेक्टऱ्या वगळल्या आहेत.

गेल्या महिन्यात स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या साधनाच्या अहवालात एसएसडीचे रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेले भाग) ० वरून १६ वर गेलेले दिसले. सर्व्हर अजून कुरकुर न करता चालतो आहे, तरी तो बंद पडण्याची वाट पाहण्यापेक्षा ५०० जीबीची नवी एसएसडी आणून दुसऱ्या एका डेस्कटॉपवर रंगीत तालीम करावी असे ठरवले. लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, विभाजने आखून ईएक्सटी४ (फाइली साठवण्याचे विभाजन) आणि ईएफआय (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचे विभाजन) तयार केली, बॅकअपमधल्या फाइली परत आणल्या, क्रूटमध्ये (नव्या डिस्कवरची यंत्रणाच चालू आहे असे मानून काम करण्याची सोय) शिरून ग्रब (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवला आणि त्याचा मेनू नव्याने बनवणारे अपडेट-ग्रबही चालवले.

पहिली अडचण येथे आली. ग्रबचा मेनू दिसतो, कर्नल (यंत्रणेचा गाभा) सुरू होतो, पण नंतर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ येऊन दीड मिनिटाचे घड्याळ चालू होते, आणि ते संपल्यावर यंत्रणा आणीबाणीच्या स्थितीत जाते. तेथे निदान टर्मिनल तरी मिळावे, तर ‘कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड’ (रूट म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते) असे उत्तर मिळते. एंटर दाबले की पुन्हा तेच.

दुसरी अडचण मला अधिक भीतीदायक वाटते. यंत्र सुरू होत नाही म्हणून त्याच एसएसडीवर डेबियन नव्याने बसवून केवळ डॉकरचे व्हॉल्यूम (कंटेनरांनी साठवलेला डेटा) बॅकअपमधून आणून पाहिले. नेक्स्टक्लाउडचा कंटेनर सुरू झाला, पण पोस्टग्रेस ‘पॅनिक: कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड’ (चेकपॉइंट, म्हणजे बदल डिस्कवर उतरल्याची खूण, सापडत नाही) एवढे बोलून मरतो. आदल्या रात्रीची प्रत घेऊन पाहावी म्हटले, तर माझी स्क्रिप्ट एकाच प्रतीवर रोज नवे लिहिते, त्यामुळे आदली रात्र नाहीच. याचा अर्थ गेली चार वर्षे मी रोज रात्री निरुपयोगी डेटाबेस जपत होतो काय?

मला विचारायचे आहे ते असे, की फाइल-फाइल प्रत घेण्याऐवजी क्लोनझिलासारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे अधिक शहाणपणाचे आहे का, आणि जुना सर्व्हर जिवंत आहे तोवर मी तातडीने काय करून घ्यावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट लिहितो, जिचा याच्याशी संबंध नसावा. जुन्या एसएसडीवर डीएफ (डिस्कवर किती जागा वापरली ते सांगणारी आज्ञा) १२१ जीबी वापरलेली दाखवते, पण रूट म्हणून डीयू (फाइलींचे आकार मोजणारी आज्ञा) चालवून, त्याच फाइल सिस्टिमपुरती बेरीज केली तर ७९ जीबीच भरतात. दोनदा रीस्टार्ट करूनही हा ४२ जीबींचा फरक जात नाही. स्क्रिप्टखेरीज मी केलेला बदल एवढाच, की २०२३ च्या पावसाळ्यात यूएसबी डिस्क उशिरा जागी झाली की सर्व्हर सुरू होताना अडकत असे, म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) तिच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) घातले. तेव्हापासून ती तक्रार नाही.

प्रतिसाद १

पहिल्या अडचणीचे मूळ एफएसटॅबमध्येच आहे. नवी विभाजने केल्यावर त्यांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) नवे होतात, आणि तुम्ही बॅकअपमधून आणलेली एफएसटॅब जुनेच यूयूआयडी शोधत बसते. अपडेट-ग्रबने कर्नलला रूट विभाजनाचा (मुख्य यंत्रणेच्या विभाजनाचा) नवा पत्ता दिल्यामुळे गाडी तेथवर पोहोचते. परंतु ईएफआय विभाजनाची ओळ जुनीच आहे, ते विभाजन या यंत्रात अस्तित्वातच नाही, आणि सिस्टमडी (सुरू होताना सर्व सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) त्याची ९० सेकंद वाट पाहून हात टेकते. रूट खाते लॉक असण्याचे कारण वेगळे आहे: डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की सुडो (साध्या खात्यातून रूटचे अधिकार वापरण्याची सोय) मिळते आणि रूट खाते बंद राहते. पुन्हा लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, बीएलकेआयडी या आज्ञेने नवे यूयूआयडी पाहून रूट, ईएफआय आणि स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) या तिन्ही ओळी दुरुस्त करा. इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी तात्पुरती यंत्रणा) बनवणाऱ्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या ‘रिझ्यूम’ फाइलीत स्वॅपचा जुना यूयूआयडी लपलेला असतो, तोही बदला आणि क्रूटमधून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, नाहीतर सुरू होताना दर वेळी उगाच खोळंबा होईल.

प्रतिसाद २

वरील उपाय अचूक आहे, पण माझे मत असे की तो करूच नये. घरच्या सर्व्हरवर मूळ यंत्रणा ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे; डेबियन नव्याने बसवायला अर्धा तासही लागत नाही. जपायचे ते इतकेच: ईटीसी डिरेक्टरी (यंत्रणेची सेटिंग्ज), हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी (एपीटी-मार्कला विचारली की ती देते), कंपोज फाइल (डॉकरने कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी), डेटाबेसचा डंप (त्यातल्या माहितीची एका फाइलीतली प्रत) आणि तुमच्या स्वतःच्या फाइली. डॉकरच्या ओव्हरले डिरेक्टरीची प्रत घेण्यात काहीच अर्थ नाही, कारण डॉकरच्या प्रतिमा (प्रोग्रॅमचे तयार साचे) इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येतात. मात्र कंपोज फाइलीत ‘लेटेस्ट’ लिहिले असेल तर आजच नेमकी आवृत्ती लिहा. नेक्स्टक्लाउड एक मुख्य आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर जाऊ देत नाही, आणि पोस्टग्रेस १५ ची डेटा डिरेक्टरी पुढच्या मुख्य आवृत्तीला वाचता येत नाही. ऐन रिस्टोरच्या वेळी भलतीच आवृत्ती उतरली तर आगीतून फुफाट्यात पडाल.

डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेण्याचा मोह मलाही एके काळी होता. ती चालू यंत्रावर घेतली तर डेटाबेसच्या बाबतीत तुमच्या आरसिंकसारखीच फसते, आणि बंद करून घ्यायची तर रोज कोण घेणार?

आता पोस्टग्रेसविषयी. आरसिंक एकेक फाइल ओळीने उचलते, आणि त्या काही मिनिटांत पोस्टग्रेस मात्र लिहीतच असतो. पहिली फाइल अडीच वाजताची, शेवटची दोन पस्तीसची, आणि मधल्या चेकपॉइंटची नोंद ज्या वॉल फाइलीत (पोस्टग्रेसची बदलांची वही) आहे ती नेमकी प्रतीत नाही, अशी खिचडी तयार होते. एखाद्या रात्री नशिबाने ती सुरू होईलही, पण तिच्यावर विसंबू नका. जुना सर्व्हर जिवंत आहे ही तुमची पुण्याई समजा आणि हा प्रतिसाद वाचून होताच पुढील काम करा. नेक्स्टक्लाउडच्या ओसीसी या आज्ञेने मेंटेनन्स मोड चालू करा, म्हणजे फोनवरून नवे काही येणार नाही आणि डेटाबेस व फाइली एकाच क्षणाच्या राहतील. मग डॉकर एक्झेकने पोस्टग्रेसच्या कंटेनरमध्येच पीजी-डंप चालवून कस्टम स्वरूपातला डंप बाहेर काढा. फाइलींची प्रत आणि नेक्स्टक्लाउडची कॉन्फिग फाइल घ्या, आणि त्यानंतरच मेंटेनन्स मोड बंद करा. नव्या यंत्रावर रिकामा डेटाबेस निर्माण करून पीजी-रिस्टोरने तो भरायचा.

जो प्रश्न तुम्ही ‘संबंध नसावा’ म्हणून शेवटी टाकलात, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीएफ आणि डीयू यांत असा फरक पडतो तेव्हा पुष्कळदा पुसलेली, पण एखाद्या प्रोसेसने उघडी धरलेली फाइल कारण असते. तुम्ही दोनदा रीस्टार्ट केले आहे, म्हणजे ते कारण गेले. उरते ते माउंट पॉइंटच्या (डिस्क जेथे जोडली जाते त्या डिरेक्टरीच्या) खाली दडलेले सामान. यूएसबी डिस्क जोडलेली नसताना तिची डिरेक्टरी ही एसएसडीवरची एक साधी रिकामी डिरेक्टरी असते. ‘नोफेल’मुळे सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला असेल आणि आरसिंकने तितक्याच मुकाट्याने तेथे लिहिले असेल. पुढे डिस्क जोडली गेली की वर झाकण बसते आणि खालचे सामान डीयूला दिसत नाही. रूट फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर बाइंड-माउंट करा (म्हणजे तेथूनही दिसेल अशी जोडा) आणि त्या वाटेने यूएसबी डिस्कच्या डिरेक्टरीत डोकावून पाहा.

‘नोफेल’ काढू नका, ते योग्यच आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मात्र माउंटपॉइंट ही आज्ञा घालून डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते तपासा, आणि नसेल तर तेथेच थांबून स्वतःला मेल पाठवा. हीच तपासणी रविवारच्या स्क्रिप्टमध्ये उलट्या बाजूनेही हवी. तेथे ‘डिलीट’ पर्याय दिलेला असेल आणि एखाद्या रविवारी फोटोंची हार्ड डिस्कच माउंट झाली नसेल, तर आरसिंकला मूळ डिरेक्टरी रिकामी दिसेल आणि ती इमानेइतबारे बॅकअपमधले ६४० जीबी पुसून टाकेल.

प्रतिसाद ३

सर्व मुद्दे आले, एक राहिला. तुमची यूएसबी डिस्क सर्व्हरशेजारीच ठेवलेली दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे सांगलीकराला मी सांगायला नको. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर बुडाला नाही तरी वीज नसलेल्या घरात अडकून पडतो. एक प्रत नदीपासून दूर, शक्य असल्यास दुसऱ्या गावात असावी.

यासाठी मी रेस्टिक हे बॅकअपचे साधन वापरतो. ते पाठवण्यापूर्वीच सर्व काही एनक्रिप्ट करते, त्यामुळे नातेवाइकांच्या घरी डिस्क ठेवताना संकोच वाटत नाही. त्यात दर वेळी नवा स्नॅपशॉट (त्या वेळची वेगळी प्रत) तयार होतो, आणि ‘फरगेट’ला ७ दिवसांचे, ४ आठवड्यांचे व ६ महिन्यांचे ठेवायला सांगितले की तुमची ‘आदली रात्र नाहीच’ ही तक्रार मिटते. पहिली प्रत मात्र इंटरनेटवरून पाठवू नका. अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर ६४० जीबींना जवळजवळ तीन दिवस आणि तीन रात्री लागतात, तेही एकदाही वीज गेली नाही तर. घरीच डिस्कवर रिपॉझिटरी (रेस्टिकचा साठा) तयार करून ती एसटीने पोहोचवा. पुढे रोजचा फरक तेवढा एसएफटीपीने (इंटरनेटवरून सुरक्षितपणे फाइली पाठवण्याची पद्धत) जाईल. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रत कोणीही उघडू शकत नाही, म्हणून तो सर्व्हरवरच्या फाइलीखेरीज कागदावरही लिहून ठेवा. महिन्यातून एकदा ‘चेक’ला ५ टक्के डेटा प्रत्यक्ष वाचून पाहायला सांगा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून बहुतेक काम उरकले, त्याचा वृत्तांत देतो.

झाकणाखाली खरोखरच सामान निघाले. बाइंड-माउंट करून पाहिले तर संपूर्ण यंत्रणेची एक प्रत तेथे पडली होती, ४२ जीबींची, आणि तिच्यातल्या शेवटच्या लॉगवर तारीख होती २३ सप्टेंबर २०२३. ती तारीख पाहताच उलगडा झाला. त्या वर्षी गणपतीच्या आरासीतल्या दिव्यांच्या माळेला जागा हवी म्हणून सर्व्हर बंद करून यूएसबी डिस्कचा अ‍ॅडॉप्टर मीच काढला होता, नंतर सर्व्हर तेवढा चालू केला, आणि पाच दिवसांच्या विसर्जनानंतर डिस्क परत लावली. विसर्जन शनिवारी होते. मध्ये रविवार आला असता तर ६४० जीबी फोटो २४० जीबीच्या एसएसडीत शिरू पाहत होते. ती प्रत पुसली, आणि दोन्ही स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंटची तपासणी घातली. खात्री करण्यासाठी यूएसबी डिस्क अनमाउंट करून स्क्रिप्ट हाताने चालवली. ती थांबली आणि मेल आला.

पीजी-डंप सुमारे दोन मिनिटांत झाला. जुनी यंत्रणा उचलून आणण्याचा नाद सोडून नव्या एसएसडीवरच्या ताज्या डेबियनवरच तो रिस्टोर केला, आणि नेक्स्टक्लाउड पहिल्याच फटक्यात उघडले. मूळ सर्व्हरच्या कंपोज फाइलीत पोस्टग्रेसपुढे १५ होते, पण नेक्स्टक्लाउडपुढे ‘लेटेस्ट’च होते, ते बदलले.

एक शंका उरली आहे. जुन्या सर्व्हरचा डंप काढला तेव्हापासून नवे यंत्र उभे राहीपर्यंत मेंटेनन्स मोड बंदच होता, आणि त्या चार तासांत आईच्या फोनवरून लग्नाचे तीसेक फोटो जुन्या सर्व्हरवर गेले. तिचा लॅपटॉपही त्याच खात्याशी जोडलेला असल्याने ते फोटो त्यावरही उतरले आहेत. नव्या सर्व्हरला ते ठाऊक नाहीत. उद्या लॅपटॉप नव्या सर्व्हरशी बोलू लागला, तर ‘सर्व्हरवर नाहीत, म्हणजे पुसले असावेत’ असे समजून तो ते स्वतःकडूनही पुसून टाकेल का?

प्रतिसाद २

टाकू शकतो. लॅपटॉप जोडण्यापूर्वी नव्या सर्व्हरवर ओसीसीची ‘मेंटेनन्स: डेटा-फिंगरप्रिंट’ ही आज्ञा एकदा चालवा. सर्व्हर बॅकअपवरून उभा केला आहे हे त्यामुळे सिंक करणाऱ्या अ‍ॅपला कळते, आणि ते फाइल पुसण्याऐवजी परत वर पाठवते किंवा दोन्ही प्रती ठेवून विचारते. तोवर आईंचा लॅपटॉप उघडू नका, आणि जुनी एसएसडी महिनाभर तरी पुसू नका.

धागाकर्ता

आज्ञा चालवली, मग लॅपटॉप जोडला. एकतीस फोटो वर गेले, दोन फाइलींबाबत कोणती प्रत ठेवायची असे विचारले. जुनी एसएसडी काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवली आहे. रेस्टिकची डिस्क रविवारी बहिणीकडे विट्याला नेतो.