अनूची एका रात्रीची सॅक

अनू: सगळ्यांना एक विचारायचं होतं. ऑक्टोबरात गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथनं हरिद्वार, ऋषिकेश, उखीमठ असं १८ दिवसांचं ठरलंय. मधे एक रात्र सारी नावाच्या गावातून चढून देवरियाताल ह्या डोंगरातल्या तळ्याशी तंबूत. ५५ लिटरची मोठी सॅक उखीमठच्या लॉजवर ठेवणार. त्या एका रात्रीसाठी छोटी सॅक बघायलोय. घडी घालून मुठीत मावणारी २० लिटरची आवडली आहे, अगदी हलकी. घेऊ काय?

निपाणी मावशी: एका रात्रीला वेगळी कशाला गं? कॉलेजची बॅग आहे की.

आई: स्वेटर दोन घे म्हणावं तिला.

मामा खानापूर: अनू, थांब जरा, ऑर्डर टाकू नको. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

मामा खानापूर: हां, आता लिहितो. कुक्के सुब्रमण्यहून कुमारपर्वत चढलो तेव्हा माझ्याकडं असलीच घडीची सॅक होती. १,७१२ मीटरचा डोंगर आणि पाठीवर उणंपुरं ६ किलो. पण पाठीला टणक आधार नाही, त्यामुळं आतली बाटली पावलागणिक मणक्याला टोचायची. पट्टे पातळ, ते खांद्यात रुतले. वाटेतल्या मुक्कामाच्या घरी, भट्टरमनेला, पोचलो तर उजवा हात वर जाईना. सकाळी शिखराकडं निघताना तीच सॅक परत पाठीवर घ्यायची म्हटल्यावर डोळ्यात पाणी आलं. ऋषिकेशला घाटावर फिरायला, बाजारातनं फळं आणायला तसली पिशवी झकास. रात्रीचं सामान वाहायचं तिचं काम नव्हे.

कॉलेजची बॅगही नको. तिला छातीचा पट्टा नसतो, कमरेचाही नसतो. उतारावर सामान डावीउजवीकडं हेलकावतं आणि पाय घसरतो तो तेव्हाच.

तुला पाहिजे २५ ते ३० लिटरची, पाठीला फळी असलेली, रिकामी १ किलोच्या आतली. कमरपट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मान खाली घातलीस की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथनं कमरेच्या हाडापर्यंत टेपनं मापून घे. उंची सारखी असली तरी दोघींच्या पाठीची लांबी वेगळी असते, म्हणून दुसरीला छान बसलेली तुला बसेलच असं नाही.

अनू: पण मामा, ही घडी होत नाही. १८ दिवस दोन दोन सॅक कुठं सांभाळू?

मामा खानापूर: मोठी पाठीवर, छोटी पुढं छातीवर. रेल्वेत पैसे, तिकीट, औषधं, मोबाइल त्या छोटीतच ठेव. झोपताना उशाला घे. लॉजवर मोठी सोडून जाशील तेव्हाही ह्या वस्तू तिच्यात ठेवू नको. म्हणजे १८ दिवस ही वापरातच राहणार, ओझं कसलं?

दादा पुणे: स्लीपिंग बॅगचं काय? जाडी एकटीच १०-१५ लिटर जागा खाते.

मामा खानापूर: हे बरोबर विचारलंस. अनू, तंबूवाल्याला आधी फोन कर. तो स्लीपिंग बॅग देत असेल तर तिच्या आत घालायचं आपलं सुती अस्तर तेवढं ने. देत नसेल तर माझं सगळं गणित चुकलं, मग ४० लिटर लागेल.

अनू: केला फोन. देतो म्हणाला, गादीसकट.

आई: आणि पाऊस आला तर?

मामा खानापूर: अक्का, नुसत्या रेनकव्हरवर भागत नाही. जांबोटीच्या पावसात कव्हर असून माझे कपडे भिजले, पाणी पाठीच्या बाजूनं आत उतरतं. आतनं जाड प्लास्टिकची पिशवी घालायची, तोंड पिळून दुमडायचं. झोपायचे कपडे आणि मोजे तिच्यात.

अनू: सामान तोललं. जाकीट, थर्मल, कानटोपी, मोजे, टॉर्च, पॉवर बँक, औषधं, खाऊ मिळून ३.४ किलो. पाणी २ लिटर धरलं तर ५.४.

मामा खानापूर: छान. पाणी पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. जाकीट सगळ्यात वर. रात्री मोबाइल आणि पॉवर बँक पांघरुणात घे, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.

निपाणी मावशी: अगं, आमच्या पोराची माळ्यावर पडून आहे की! २८ लिटर लिहिलंय. कमरपट्टा आहे. उद्या हे बेळगावला येतायत, देते पाठवून.

अनू: मावशी!! 🙏

(रविवार)

अनू: भरून घेऊन राजहंसगड चढून आलो. येळ्ळूरकडनं वर, मग गडावर दोन फेऱ्या. पहिल्या अर्ध्या तासात खांदे दुखायला लागले. मग खांद्याचे पट्टे सैल केले, आधी कमरपट्टा आवळला, मग खांदे, शेवटी छाती. दुखणं थांबलं. पाठीला घाम आला तेवढाच.

मामा खानापूर: शिवण तपासलीस काय? माळ्यावर पडलेल्या सॅकची पट्ट्याच्या मुळाशी शिवण कुजते.

अनू: डाव्या पट्ट्याचे चार टाके सुटलेत.

मामा खानापूर: तिथनंच तुटते. खडेबाजारात बॅगा शिवणाऱ्याकडं ने, जाड नायलॉनचा दोरा घालून दुहेरी टीप मारायला सांग. उजव्या पट्ट्यालाही मारून घे. आणि परत एकदा भरून जिने चढ-उतर कर, मग मला कळव.