इन्क्रिमेंटनंतर ग्रुपमध्ये पगाराचा आकडा: विचारावा कसा, सांगावा किती?

दिघा_ऐरोली

प्रसंग असा. ऐरोलीतली आयटी कंपनी, एकाच टीममधले सहा जण, अनुभव चार ते सहा वर्षं, बहुतेक ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने सोबत येणारे-जाणारे. इन्क्रिमेंटची पत्रं आली आणि एकाने सुचवलं की प्रत्येकाने आपला पगार एका एक्सेल शीटमध्ये टाकायचा. दोघांनी लगेच टाकला, दोघं गप्प आहेत, एकीने सरळ नाही म्हटलंय. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर अवघडलेपण आहे.

विचारायचं ते हे. बरोबरीच्या सहकाऱ्याला पगार विचारणं गैर आहे का? सांगायचाच तर नेमका कुठला आकडा सांगायचा? नाही सांगायचा तर मन न दुखवता काय म्हणायचं? नियुक्तीपत्रात ‘मोबदला गोपनीय राहील’ असं कलम आहे, त्याचं काय? आणि ज्युनियरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा निघाला तर त्या माहितीचं करायचं काय?

---

पेरोल_डेस्क

शिष्टाचार नंतर, आधी आकड्याचं बघू. निम्मे गैरसमज तिथेच होतात. ‘पगार किती’ या प्रश्नाला एकजण सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगतो, दुसरा ग्रॉस (कपातीआधीचा पगार), तिसरा इन हँड (खात्यात पडणारा), आणि तिघं घरी जाऊन एकमेकांशी तुलना करत बसतात.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. सीटीसी १२ लाख, बेसिक (मूळ पगार) त्याच्या निम्मं, म्हणजे महिन्याला ५०,०००. आता यातलं हातात न येणारं बाजूला काढा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के, वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद, बेसिकच्या ४.८१ टक्के, २८,८६०. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १२,००० धरू. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) दहा टक्के, म्हणजे १,२०,०००, आणि ते मिळालं तर वर्षाअखेरीला. उरतात ९,६७,१४०, महिन्याला ८०,५९५. त्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००, म्हणून वर्षाचे २,५००), की खात्यात पडतात ७४,३९५. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली की हे उत्पन्न १२ लाखांच्या आत बसतं, त्यामुळे टीडीएस (पगारातून कापला जाणारा आयकर) शून्य धरलाय. बारा लाखाला बाराने भागून ‘महिन्याला लाख’ समजणारा माणूस साडेपंचवीस हजारांनी चुकला.

आता त्याच टीममधला दुसरा. सीटीसी तेच, बेसिक तेच, पण त्याचा पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८००. कंपनीच्या वाट्यातले वाचलेले ४,२०० त्याच्या स्पेशल अलाउन्समध्ये येतात आणि स्वतःच्या वाट्यातलेही ४,२०० वाचतात. त्याचं इन हँड ८२,७९५. दर महिन्याला ८,४०० चा फरक, आणि कंपनीने दोघांना एकच पगार दिलाय. पहिल्याला वाटतं आपल्याला फसवलं. प्रत्यक्षात त्याचे तेवढेच पैसे पीएफ खात्यात जमा होतायत.

आपल्या भागातलं आणखी एक. जुन्या करप्रणालीत घरभाड्याच्या सवलतीसाठी मुंबईत राहणाऱ्याला बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा, ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला ४० टक्क्यांची. म्हणजे चेकनाक्याच्या पलीकडे मुलुंडला भाड्याने राहणारा आणि अलीकडे ठाण्यात राहणारा, पगार सारखा आणि भाडंही भरपूर असलं तरी टीडीएस वेगळा निघू शकतो.

म्हणून सांगायचंच तर ‘वर्षाचं फिक्स्ड (व्हेरिएबल सोडून ठरलेला पगार) इतकं, व्हेरिएबल इतके टक्के, कंपनीचा पीएफ फिक्स्डच्या आत की बाहेर’ एवढंच सांगा. इन हँडची तुलना करू नका. त्यात पीएफ, कर, कर्जाचा हप्ता, आईवडिलांचा वाढीव मेडिक्लेम असं सगळं मिसळलेलं असतं. जॉइनिंग बोनस तर त्यात कधीच धरू नका. तो एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेक पत्रांत परत करायची अट असते.

---

खाडीपूल

पेरोल_डेस्कने आकड्याचं सांगितलंय, मी विचारण्याचं सांगते.

विचारणं गैर नाही. ‘तुझं पॅकेज किती रे?’ असं अचानक, चार जणांसमोर विचारणं गैर आहे, कारण समोरच्याकडे खोटं बोलणं किंवा तोंडावर नाही म्हणणं एवढेच दोन मार्ग उरतात. एकट्याला गाठा. आधी कारण सांगा, मग परवानगी घ्या, मग स्वतःचा टप्पा सांगा, आणि त्यानंतर थांबा. साधारण असं: ‘पुढच्या महिन्यात मला मॅनेजरशी बोलायचंय, आपल्या लेव्हलची रेंज कळली तर बरं होईल. याबद्दल बोललं तर चालेल का?’ हो म्हणाला तरच, ‘माझं फिक्स्ड नऊ ते अकराच्या मधे आहे. तुझं त्याच टप्प्यात आहे की वर?’ परवानगीच्या आधी स्वतःचा आकडा सांगून टाकू नये. तो उदारपणा वाटतो, पण समोरच्यावर परतफेडीचं ओझं येतं. उत्तर आलं नाही तर विषय बदला आणि दुसऱ्यांदा विचारू नका, पुढच्या एप्रिललाही नाही.

वेळ महत्त्वाची. पत्रं आल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, त्या आठवड्यात प्रत्येकाचं मन हुळहुळं असतं. कोणी नोटीस पिरियडवर असेल, कोणाला कामगिरी सुधारायची नोटीस मिळाली असेल, कोणी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली असेल आणि रेटिंगचं ठरायचं असेल, तर त्यांना अजिबात विचारू नका. जागाही बघा. ठाणे-ऐरोली गाडीत खांद्याला खांदा लागलेला असतो आणि पाठमोरा माणूस शेजारच्या टीमचा निघतो. कंपनीची बस, पँट्री, कंपनीचं चॅट, तिन्ही नकोत. चॅट कंपनीच्या सर्व्हरवर असतं.

आता ते शीट. सहा जणांच्या टीममध्ये नावं काढली तरी ते निनावी होत नाही. ‘पाच वर्षं अनुभव, २०२२ ला रुजू’ अशी व्यक्ती टीममध्ये एकच असते. शीट करायचंच असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांतल्या ओळखीच्या पंधरा-वीस जणांचं करा, आणि रकाने चारच ठेवा: लेव्हल, अनुभवाची वर्षं, फिक्स्डचा दोन लाखांचा टप्पा (७ ते ९, ९ ते ११ असा), व्हेरिएबलचे टक्के. रुजू झाल्याचा महिना, आधीची कंपनी, हाइकचे नेमके टक्के, हे रकाने आले की माणूस ओळखू येतो.

पेस्लिपचा स्क्रीनशॉट कोणालाही, अगदी जिवलग मित्रालाही पाठवू नका. त्यावर बऱ्याचदा पॅन, यूएएन (पीएफचा नंबर), बँक खातं आणि एम्प्लॉयी नंबर, चारही असतात. आकडा तोंडी सांगता येतो.

---

तळवली_सेक्टर

वर लिहिलंय ते मान्य असूनही माझं मत, सांगूच नये. आकडा एकदा बाहेर पडला की तो परत घेता येत नाही, आणि जो ऐकतो तो पुढच्या वेळी मॅनेजरसमोर तुमचं नाव घेतोच. नाही म्हणायला तीन वाक्यं पुरेत: ‘आकडा नको, पण रेंज म्हणशील तर बाजारभावाच्या आसपास आहे.’ ‘घरात ठरलंय, आम्ही आकडा बाहेर बोलत नाही.’ ‘मला त्यावर बोलायला अवघड होतं, दुसरं काही विचार.’ कारणं लांबवू नका, लांबवलं की समोरचा वाद घालतो. खोटा आकडा मात्र कधी देऊ नका. उद्या तोच मित्र रेफरन्स देतो, नवी कंपनी तीन महिन्यांच्या पेस्लिपा आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मागते, आणि खोटं उघडं पडतं. आणि ‘कसला पगार, भागतंय कसंबसं’ हे निम्मं कमावणाऱ्यासमोर म्हणू नका. त्याला ते लागतं.

---

वागळे_२८

@तळवली_सेक्टर, तुमची वाक्यं चांगली आहेत, पण ‘सांगूच नये’ हे पटत नाही. गप्प राहण्याचा फायदा कोणाला होतो ते बघा. केंद्र सरकारच्या नोकरीत सातव्या वेतन आयोगाचा तक्ता १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, लेव्हल १ ची सुरुवात १८,००० पासून, आणि तो कोणालाही वाचता येतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मूळ पगार तिथे गुपित नसतो आणि त्यावरून कोणाची मैत्री तुटत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या युनियन असलेल्या कारखान्यांतही वेतन करार झाला की ग्रेडनुसार वाढ सगळ्यांना माहीत असते. गुप्तता खाजगी ऑफिसातच, आणि तिचा सगळ्यात जास्त फटका बायकांना बसतो. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला, आता त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही वेतनात लिंगभेद करायला मनाई आहे. पण शेजारच्याला किती मिळतं हेच माहीत नसेल तर दाद कशाच्या जोरावर मागायची? म्हणून टीममधल्या पुरुषांनी निदान रेंज तरी मोकळेपणाने सांगावी असं मला मनापासून वाटतं. त्यांचं काही जात नाही.

गोपनीयतेच्या कलमाबद्दल. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यामुळे खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलण्याचं संरक्षण आहे. क्लायंट अमेरिकन आहे म्हणून ते ऐरोलीत बसलेल्या माणसाला लागू होत नाही. आपल्याकडे तसं थेट संरक्षण देणारा कायदा नाही. म्हणून पत्रातला शब्दन्‌शब्द वाचा. कलम फक्त पत्र आणि कागदपत्रांबद्दल आहे, की ‘मोबदल्याचा तपशील कोणाशीही चर्चा करू नये’ असं आहे? दुसऱ्या प्रकारचं असेल तर लेखी काहीही नको, टप्प्यातच बोला. आणि एचआर, पेरोल, टीम लीड यांना दुसऱ्यांचे आकडे कामामुळे कळतात. त्यांनी ते कुठेही, कोणालाही सांगायचे नाहीत. यात सूट नाही.

---

मार्चएंड

शेवटच्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, आणि खरी गडबड तिथेच होते.

ज्युनियरचा आकडा मोठा निघाला तर दोन दिवस काहीच करू नका. मग कारण शोधा. बाहेरून आलेल्याचा पगार त्या वर्षीच्या बाजारभावाने ठरतो, आत असलेल्याचा टक्क्यांनी वाढतो. आठ लाखांवर तीन वर्षं नऊ-नऊ टक्के वाढ मिळाली तर होतात सुमारे १०.३६ लाख. तेवढ्या वेळात बाजारभाव त्या लेव्हलला साडेअकरावर गेला असेल, तर नवा माणूस तिथूनच सुरुवात करतो. यात त्याचा दोष नाही आणि मॅनेजरची दुष्टाईही असेलच असं नाही. शिफ्ट अलाउन्स, ऑन कॉलचे पैसे, एखादं खास स्किल, हेही तपासा. तो थर्ड पार्टी पेरोलवर (म्हणजे दुसऱ्या एजन्सीचा कर्मचारी) असेल तर तुलना जवळपास निरर्थक आहे. तिथे रजा, विमा, नोकरीची शाश्वती सगळंच वेगळं असतं.

मॅनेजरकडे जाताना ‘अमक्याला इतके, मला का नाही’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. एक तर ज्याने विश्वासाने सांगितलं तो अडचणीत येतो. दुसरं, मॅनेजर लगेच चर्चा त्या माणसावर नेतो: त्याचं स्किल वेगळं, त्याची मुलाखत वेगळी. तुमचं काम बाजूला राहतं. त्याऐवजी, ‘माझ्या लेव्हलला आणि पाच वर्षांच्या अनुभवाला बाजारात साडेदहा ते साडेबारा आहे, मी त्याच्या खाली आहे. या वर्षी ही तीन कामं माझ्याकडे होती. दुरुस्ती कधी आणि कशी होऊ शकते?’ ‘कधी’ हा प्रश्न लेखी नोंदवून घ्या.

आणि वेळ. एप्रिलचं पत्र हाती आल्यावर त्या वर्षाचं बजेट वाटून झालेलं असतं, मॅनेजरला इच्छा असली तरी पैसे नसतात. हे बोलणं जानेवारी-फेब्रुवारीत, रेटिंग पक्की होण्याआधी व्हायला हवं. आता पत्र आलंच असेल तर सहामाही दुरुस्तीची सोय आहे का विचारा.

ऑफिसबाहेरचं एक. शाळेच्या ग्रुपमध्ये कोणी पंचवीस हजारांवर असतो, कोणी दीड लाखावर. तिथे पगार विचारायची गरजच नाही. अलिबागला जायचं ठरलं की हॉटेल शोधायच्या आधी ‘माणशी साडेतीन हजारांत बसवू’ असा आकडा टाका, म्हणजे कमी कमावणाऱ्याला स्वतःहून नाही म्हणावं लागत नाही.

---

दिघा_ऐरोली

सगळ्यांचे आभार. फिक्स्ड आणि इन हँडची सरमिसळ शीटमध्ये झालीच आहे, दोघांनी वेगवेगळे आकडे टाकलेत. ते आता थांबवतो. जिने नाही म्हटलं तिच्याशी बोलावं का, आणि शीटचं काय करावं?

---

खाडीपूल

तिच्याशी एकच वाक्य बोला: ‘शीट बंद केलंय, तुझं नाही म्हणणं बरोबर होतं.’ कारण विचारू नका, आणि पुढच्या वेळी रेंजबद्दल बोलणं निघालं तर तिला टाळूही नका. ठरवू दे तिचं तिला.

शीटमधल्या नुसत्या ओळी पुसू नका. तिच्या नावासमोरचा रिकामा रकाना सगळ्यांनी पाहिलाय, आणि शीट ऑनलाइन असेल तर पुसलेले आकडे व्हर्जन हिस्टरीत तसेच राहतात. पूर्ण फाइल डिलीट करा, मग रिसायकल बिनमधूनही काढा. कोणी डाउनलोड करून ठेवली असेल तर त्यालाही तसंच करायला सांगा. फाइल कंपनीच्या ड्राइव्हवर होती का, ते आजच बघा. तसं असेल तर ज्या दोघांनी आकडे टाकले त्यांना आधी कळवा.