मरडावर मक्यात चवळी: फायदा की अडगळ?

मरडगडी: मरडावर, म्हणजे नुसत्या पावसावरच्या उंच जमिनीत, पावसाळी मक्याच्या मधल्या पट्ट्यात चवळी घ्यायलाच हवी. जोडओळ ठेवा. मक्याच्या दोन ओळींत 45 सेंमी, मग 90 सेंमी मोकळं, त्यात मधोमध चवळीची एकच ओळ, 15 सेंमीवर बी. दहा गुंठ्यांना मका 2 किलो, चवळी पाऊण किलो. चवळीचं नत्र मक्याला मिळतं, युरिया वाचतो.

तवशीवेल: नत्राचं गणित चुकलं. मुळांवरच्या गाठींतलं नत्र आधी चवळीच खाते. पाला-मुळं कुजली की मग जमिनीत उतरतं, म्हणजे लाभ पुढच्या पिकाला. युरिया तोडलात तर मक्याची खालची पानं टोकापासून मधल्या शिरेवरून पिवळी पडत जातील. त्यापेक्षा भात कापल्यावर नोव्हेंबरात जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, टाका की!

मरडगडी: युरियाचं मान्य. पण ज्याच्याकडे नुसतं मरड, त्याने काय करायचं? नोव्हेंबरात तिथे कुदळीच्या ठिणग्या उडतात.

चिरेमाती: दोघंही पाऊस विसरलात. वेलाची चवळी मका 15-20 दिवसांचा झाल्यावर लावावी लागते, नाहीतर मक्याला घेऊन आडवी होते. आणि मृगाला मका पेरला तर ते दिवस जूनअखेरचे. बी उगवायच्या आधी कुजतं. म्हणून झुडपी जात, मक्यासोबत त्याच दिवशी, वीतभर उंच वरंब्यावर. वरंबे उताराला आडवे, पण किंचित कलते, म्हणजे पाणी तुंबत नाही. तणाला अॅट्राझिन हे तणनाशक चालणार नाही, मका तगतो, चवळी जळते. पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत पेंडिमेथालिन हे दुसरं तणनाशक, नाहीतर विसाव्या दिवशी सरळ खुरपणी. पस्तिसाव्या दिवशी चवळीचं एक रोप मुळासकट खणून काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आपली चिऱ्याची माती आंबट, चुना न घालता भरपूर गाठींची आशा धरू नका.

तवशीवेल: हे पटलं. पण सुकी चवळी मिळायची नाही, ऑगस्टात शेंगेतच मोड येतात.

मरडगडी: सुकी कोण म्हणतंय? हिरव्या शेंगा, गणेश चवथीच्या बाजाराला. कणसंही त्याच सुमारास.

तवशीवेल: मग दर दोन-तीन दिवसांनी तोडणीला माणूस धरा हिशेबात. शेंग जून झाली की गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि कणसात दूध भरलं की रानडुक्कर येतो, तो चवळीची ओळ सोडून चालत नाही. कुंपण कुणाच्या खात्यात लिहिता, मक्याच्या की चवळीच्या?